पार्श्वभूमी : अंगभर तीळ तपासण्याची पद्धत आली कुठून?

बडोद्यातल्या ज्या मराठी घरांची मुलं मेलबर्नला किंवा न्यू जर्सीला आहेत, त्या घरांत ‘मोल चेक’ हा शब्द फोनवरून येऊन पोहोचला आहे. तिकडे दरवर्षी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन टाळूपासून पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत एकेक तीळ बघून घेतात, मग रावपुऱ्यात राहणाऱ्या आईबाबांनी का घेऊ नये, असा मुलांचा सवाल असतो. रक्त, लघवी, ईसीजीच्या यादीत आणखी एक ओळ वाढवायला आपल्याकडची पॅकेजं तयारच असतात. ही ओळ मुळात कोणासाठी लिहिली गेली, हे मात्र त्या यादीत छापलेलं नसतं.

या तपासणीत शोधतात तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेवरच्या काळ्या गाठीचा कर्करोग. त्याला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये नाव मिळालं. पुढची दीडशे वर्षं तो ओळखू यायचा तो बहुधा गाठ फुटल्यावर किंवा जांघेत अवधाण आल्यावर. १९५६ साली ऑस्ट्रेलियातल्या आकडेवारीवरून दिसलं की, गोऱ्या वस्तीत विषुववृत्ताच्या दिशेने जावं तसे या रोगाचे मृत्यू वाढतात. १९७० साली आणखी महत्त्वाची गोष्ट पुढे आली: कापून काढलेल्या गाठीची खोली मिलिमीटरमध्ये मोजली, तर रुग्ण जगेल की नाही याचा बराचसा अंदाज येतो. पातळ असतानाच पकडा, हा सगळा आग्रह इथून सुरू झाला. १९८५ साली अमेरिकेत मोफत तपासणी शिबिरं भरू लागली. त्याच वर्षी आकार, कडा, रंग आणि व्यास पाहायचा ‘एबीसीडी’ हा चार अक्षरी नियम मांडला गेला. काळानुसार होणारा बदल हा पाचवा मुद्दा त्यात २००४ साली आला. त्याच सुमारास त्वचेवर टेकवून बघायचं प्रकाशाचं भिंग, म्हणजे डर्मोस्कोप, दवाखान्यांत रुळलं.

एवढं होऊनही एक प्रश्न कोणी नीट सोडवला नव्हता. तपासणीमुळे पातळ गाठी जास्त सापडतात हे दिसत होतं, पण माणसं कमी मरतात का? ऑस्ट्रेलियात काही गावांना तपासणी द्यायची, काहींना नाही, आणि पुढे मृत्यू मोजायचे, असा मोठा प्रयोग १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला. ४४ वस्त्या घ्यायच्या ठरल्या होत्या. पहिल्या १८ वर पैसे संपले आणि प्रयोग तिथेच थांबला. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतली सर्वांत महागात पडलेली काटकसर हीच, कारण त्यानंतरची भांडणं त्या न झालेल्या मोजणीतून निघाली आहेत.

त्यातलं सर्वांत मोठं भांडण जर्मनीतलं. तिथल्या उत्तरेकडच्या एका प्रांताने २००३-०४ मध्ये वर्षभर वीस वर्षांवरच्या सर्वांना अंगभर तपासणी देऊ केली. फॅमिली डॉक्टरांना एका दिवसाचं प्रशिक्षण दिलं, शंका आली की रुग्ण त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचा. सुमारे ३ लाख ६० हजार लोक आले, म्हणजे पात्र लोकसंख्येच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. मेलॅनोमा सापडले ५८५. सरासरी काढली तर सहाशेहून जास्त माणसं तपासावीत तेव्हा एक. त्यासाठी जवळपास १६ हजार जणांच्या त्वचेचा तुकडा काढावा लागला. त्यात इतर प्रकारचे त्वचेचे कर्करोगही निघाले, पण बहुतेक तुकडे निरुपद्रवी ठरले.

हे आकडे हातात असताना, मृत्यूंचा हिशेब अजून यायचा असताना, १ जुलै २००८ पासून तपासणी देशभर लागू झाली: पस्तिशीनंतर दर दोन वर्षांनी, खर्च विम्याचा. समर्थक म्हणत, लोकांना उपयोगी दिसणारी गोष्ट दहा वर्षं कशाला रोखून धरायची? विरोधक म्हणत, एकदा सगळ्या देशाला दिली की तुलनेला कोणी उरणारच नाही. २०१२ साली समर्थकांची बाजू एकदम वजनदार झाली, कारण त्या प्रांतातले मेलॅनोमाचे मृत्यू काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले होते आणि शेजारच्या प्रांतांत असं काही घडलं नव्हतं. जगभरच्या परिषदांत हा आलेख दाखवला गेला.

पण पुढच्या वर्षांचे आकडे आले, तसा तो आलेख पुन्हा वर चढून जुन्या पातळीला टेकला. देशभर तर घट दिसलीच नाही. मग मृत्यूचे दाखले उकरले गेले. मेलॅनोमाचे मृत्यू कमी झाले त्याच काळात ‘मूळ जागा अस्पष्ट असलेला कर्करोग’ या खान्यातले मृत्यू वाढलेले निघाले. म्हणजे घटीचा काही भाग तरी दाखल्यावरच्या नोंदीतून आला असावा. शिवाय घट फार लवकर दिसली होती, लवकर पकडल्याचा फायदा मृत्यूंमध्ये उतरायला याहून जास्त वर्षं लागतात, ही शंका आधीच घेतली गेली होती. तपासणी बंद झाली नाही. एकदा दिलेली सोय काढून घेणारं सरकार कुठल्याच देशात सापडणं कठीण.

अमेरिकेतल्या सरकारी सल्लागार मंडळाने २००९, २०१६ आणि २०२३ अशा तिन्ही वेळा एकच निकाल दिला: लक्षणं नसलेल्या माणसाची सरसकट तपासणी करा किंवा करू नका, हे सांगण्याइतका पुरावा नाही. ज्याच्या घरात हा रोग झालेला आहे, ज्याच्या अंगावर पुष्कळ विचित्र तीळ आहेत किंवा ज्याचा एखादा डाग बदलतो आहे, त्याला हा निकाल लागू नाही. सरसकट आणि निवडक यांतला हा फरक पॅकेज विकताना हमखास गळतो. २०२१ साली तिथल्याच काही डॉक्टरांनी दाखवून दिलं की, १९७५ नंतर तिथे मेलॅनोमाची निदानं सहापट झाली, पण मृत्यू बराच काळ जवळपास तेवढेच राहिले. रोग खरंच सहापट वाढला असता तर मृत्यू इतके स्थिर राहिले नसते, हा त्यांचा युक्तिवाद होता. अलीकडे मृत्यू कमी झाले, पण ते २०११ नंतर आलेल्या प्रतिकारशक्तीच्या नव्या औषधांनंतर. त्याचं श्रेय तपासणीला देणं अवघड आहे.

आता आपल्याकडे. बडोद्याचं ऊन कमी नाही, कर्कवृत्त शहराच्या थोडंसंच उत्तरेला आहे. तरी भारतात मेलॅनोमाचं प्रमाण वर्षाला लाखामागे एकाच्याही खाली आहे, ऑस्ट्रेलियात ते पस्तीसच्या घरात जातं. म्हणून जर्मनीत एक सापडायला सहाशे माणसं लागली, तर इथे किती लागतील याचा हिशेब करायला गणितज्ञ नको. जो थोडा होतो, तो बऱ्याचदा उन्हाच्या जागी होत नाही. तळपाय, तळहात, नखाखाली. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले १९८१ साली ज्या मेलॅनोमाने गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता. पाठीवरच्या तिळांचे फोटो काढणारी तपासणी पायमोजे न काढता आटोपली, तर आपल्या माणसाला तिचा काय उपयोग? तळव्याच्या डागांत रंग त्वचेच्या उंचवट्यांवर आहे की खोबणींत, यावरून धोका ओळखायची पद्धत जपानमधल्या तज्ज्ञांनी बसवली. ती आपल्या जास्त कामाची आहे. नखावरची काळी उभी रेघ मात्र सावळ्या लोकांत बहुधा निरुपद्रवी असते. एकाच नखावर नवी आलेली, रुंदावत जाणारी किंवा नखाच्या मुळाशी कातडीत उतरलेली रेघ दाखवावी.

मोबाइलवर फोटो टाकून निकाल देणारी अॅपही आता आली आहेत. अशा प्रणाली गोऱ्या कातडीच्या फोटोंवर जास्त शिकल्या आहेत आणि गडद त्वचेवर जास्त चुकतात, हे २०२२ च्या एका अभ्यासात दिसलं.

आपल्या त्वचेच्या कर्करोगाचा इतिहास खरं तर वेगळाच आहे. १९४५ साली मुंबईतल्या संशोधकांच्या एका शोधनिबंधात धोतराच्या गाठीने कंबरेला वर्षानुवर्षं घासून होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन आलं. काश्मिरात थंडीत पोटाशी धरलेल्या कांगडीचा, म्हणजे निखाऱ्यांच्या भांड्याचा, कर्करोग त्याआधीपासून माहीत होता. पुढे परकराच्या घट्ट नाडीखाली झालेल्या जखमांचे रुग्ण नोंदले गेले. भाजल्याचे जुने व्रण आणि वर्षानुवर्षं न भरणारी जखमही याच वाटेने जाऊ शकते. हे मेलॅनोमा नव्हेत, आणि यांतलं काहीही ‘तीळ’ म्हणून शोधलं तर सापडणार नाही. कंबरेचा काळवंडलेला, खाजणारा पट्टा आजी कोणाला दाखवत नाही. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरायला सांगणं त्या घरात डर्मोस्कोपपेक्षा स्वस्त पडेल.

२०१६ पासून देशात तिशीनंतरच्या कर्करोग तपासणीसाठी तीन जागा ठरल्या: तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. त्वचा त्यात नाही, आणि रोगाचं प्रमाण पाहता ते बरोबरच आहे. पण अंगभर त्वचा बघायची सवय आपल्या सरकारी यंत्रणेला नवी नाही. कुष्ठरोगाच्या शोधमोहिमांत आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन बायकांच्या अंगावरचे चट्टे पाहतात, पुरुषांसाठी वेगळा स्वयंसेवक असतो. कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळव्याच्या जुन्या जखमेतही क्वचित कर्करोग होतो, म्हणजे पाऊल बघायला कारण तिथेच हजर आहे. मोहिमेचे प्रश्न फिकट चट्टे आणि बधिरपणा यांच्याभोवती फिरतात. तळव्यावरचा नवा काळा डाग किंवा कंबरेची न भरणारी जखम विचारायला आणखी दोन ओळी पुरतील, आणि त्यांना पॅकेजची गरज नाही.