वन हेल्थच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी इरास्मस मुंडस: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

माणूस, जनावरे आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र अभ्यासणारे 'वन हेल्थ'चे पदव्युत्तर शिक्षण युरोपात युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस योजनेच्या पूर्ण शिष्यवृत्तीवर घेता येते. फ्रान्समधील तूर विद्यापीठाने बार्सिलोनाचे स्वायत्त विद्यापीठ आणि एडिनबरा विद्यापीठ यांच्यासह सुरू केलेला 'संसर्गजन्य रोग आणि वन हेल्थ' हा थेट या विषयाचा अभ्यासक्रम. मात्र अशा प्रत्येक अभ्यासक्रमाला ठरावीक तुकड्यांपुरताच निधी मिळतो. त्यामुळे यंदा प्रवेश सुरू आहे का, हे युरोपीय आयोगाच्या अधिकृत इरास्मस मुंडस यादीत आधी पाहा. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत, थेट त्या अभ्यासक्रमाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. मध्ये एजंटाची गरज नाही.

पात्रता

पदवी हवी. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात, पण प्रत्यक्ष प्रवेशाच्या वेळी पदवी पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो. एमबीबीएस किंवा बीव्हीएससी (पशुवैद्यकीय पदवी) वाल्यांना सहसा अडचण येत नाही. तीन वर्षांची बीएस्सी असलेल्यांनी किती श्रेयांक (क्रेडिट) मागितले आहेत ते वाचावे: युरोपात एक वर्ष म्हणजे ६० श्रेयांक. कितीही अभ्यासक्रमांना अर्ज करता येतो, पण ही शिष्यवृत्ती पूर्वी घेतली असेल तर पुन्हा मिळत नाही. एका राष्ट्रीयत्वाच्या उमेदवारांना एकूण शिष्यवृत्त्यांपैकी १० टक्क्यांपर्यंतच दिल्या जातात; म्हणजे भारतीय अर्जदारांची खरी स्पर्धा आपसातच असते.

रक्कम दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. शिकवणी शुल्क भरावे लागत नाही. विमानभाडे, व्हिसा आणि राहणे मात्र याच रकमेतून. पहिला हप्ता सहसा तिथे पोहोचून नोंदणी झाल्यावर येतो, म्हणून तिकीट आणि खोलीची अनामत यांची सोय आधीच करून ठेवा.

कागदपत्रे

पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांचे ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणांचा अधिकृत उतारा), इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, युरोपास या युरोपातील प्रमाणित नमुन्यातील सीव्ही, दोन शिफारसपत्रे आणि हेतुपत्र हा नेहमीचा संच. रहिवासाचा पुरावा अनेक ठिकाणी मागतात आणि तो बहुधा गेल्या १२ महिन्यांतला लागतो. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो.

सगळ्यात जास्त वेळ ट्रान्सक्रिप्ट खाते. ते महाविद्यालयाकडून नव्हे, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून घ्यायचे: वैद्यकीय शाखांसाठी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, पशुवैद्यकासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय विद्यापीठ (माफसू). गुणपद्धतीचा खुलासाही मागून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये मागणी केली तर घाई होत नाही.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे, वडिलांचे, कधी आईचेही नाव असते; पासपोर्टवर क्रम वेगळा. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीकृत प्रतिज्ञापत्र जवळ ठेवा.

शिफारसपत्र लेटरहेडवर, सही-तारखेसह, शक्यतो संस्थेच्या ईमेलवरून गेलेले असावे. 'विद्यार्थी कष्टाळू आहे' एवढ्यावर काहीच ठरत नाही. तुम्ही कोणते काम केले, हे त्यात यायला हवे.

हेतुपत्र

निवड बरीचशी इथे ठरते. 'मला समाजसेवा करायची आहे' अशी सुरुवात केलेली पत्रे एकसारखीच वाटतात. त्याऐवजी एक प्रश्न धरा. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी इथला माकडताप घ्या: विषाणू गोचिडीतून येतो, माकडे मरतात, आणि काजूच्या बागेत किंवा रानात जाणाऱ्या माणसाला ताप येतो. डॉक्टर, पशुवैद्यक आणि वनखाते यांच्यापैकी एकट्याने हा प्रश्न सुटत नाही, हे तुम्ही काय पाहिले वा मोजले त्यातून दाखवा. मग या अभ्यासक्रमातला कोणता भाग तुमची कोणती उणीव भरून काढेल, ते लिहा. पशुवैद्यकाने माणसांतील साथरोगशास्त्राबद्दल आणि डॉक्टरने जनावरांतील रोगांवरच्या देखरेखीबद्दल लिहिले, तर पत्राला वजन येते.

निवडीनंतर

थेट निवड, राखीव यादी किंवा नकार, असा निकाल येतो. राखीव यादीत असाल तर ईमेलवर लक्ष ठेवा, जागा उशिरानेही रिकामी होते. फ्रान्सच्या दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसाआधी कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेची प्रक्रिया करावी लागते. पदवीवर अपोस्टिल (परदेशात चालणारे प्रमाणीकरण) मागितले तर आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, हा क्रम बदलत नाही. एडिनबराच्या सत्रासाठी ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. युरोपातील बहुतेक देशांत चालणारा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही.