खुलासा: सुबाभळीला परवानगी लागत नाही?

पावसाळा सरला की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: 'स्वतःच्या प्लॉटमधली सुबाभूळ, निलगिरी तोडायला परवानगी लागत नाही.' शहरात राहत असाल तर त्यावर विसंबून कुऱ्हाड उचलू नका.

मेसेज हवेतून आलेला नाही. महाराष्ट्राच्या १९६४च्या झाडतोड नियमन कायद्यात साग, चंदन, खैर, मोह, आंबा अशा, तोडायला परवानगी लागणाऱ्या झाडांची अनुसूची आहे. सुबाभूळ-निलगिरी तिच्यात नाहीत, म्हणून शेतकरी बांधावरची सुबाभूळ सहज काढतो. गावचा नियम शहरात आला तो असा, अर्धवट.

महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत १९७५चा झाडे जतन कायदा लागतो. तिथे झाडाची जात विचारत नाहीत. झाड खाजगी जागेत असलं तरी आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज. बुंध्याला आग लावणं, झाडाला इजा करणं हेही 'तोडणं'च धरतात. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड 'वारसा वृक्ष' ठरलं, त्याचे नियम आणखी कडक.

गाजर गवत मात्र खुशाल उपटा. पांढरी फुलं धरण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट. एकेक रोप हजारो बिया टाकतं. घोळ होतो तो 'प्लॉट साफ करून द्या' एवढंच सांगून जेसीबी आत सोडल्यावर. गवताबरोबर मनगटाएवढी सुबाभूळही आडवी होते. जेसीबीवाल्याला गवत आणि झाड वेगळं दिसत नाही, त्याला फक्त तास दिसतात.