स्कॅलप्ड फ्रेटबोर्ड

गिटारच्या नेकवर (मानेवर) दोन फ्रेटांमधले, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांमधले, लाकूड पन्हळीसारखे खोलगट कोरलेला फ्रेटबोर्ड. अशा नेकवर बोट तारेला टेकते, लाकडाला नाही. त्यामुळे तार आडवी ओढून स्वर चढवताना घर्षण कमी होते आणि पकड पक्की बसते. मात्र दाब किंचित वाढला तरी स्वर चढा लागतो. एकेरी स्वरांत हे चालून जाते, कॉर्डमध्ये (एकाच वेळी वाजवलेल्या अनेक स्वरांत) कानाला खटकते.

या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. तिचा प्रसार मुख्यतः ‘डीप पर्पल’ या रॉक समूहाचे गिटारवादक रिची ब्लॅकमोर आणि स्वीडिश वादक इंग्वे माल्मस्टीन यांच्यामुळे झाला. वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आलेल्या एका जुन्या ल्यूटची (युरोपीय तंतुवाद्याची) कोरलेली मान पाहून ही कल्पना सुचली, असे माल्मस्टीन सांगतात. परंतु ल्यूटचे फ्रेट सामान्यतः मानेभोवती गुंडाळलेल्या आतड्याच्या तातीचे असत. एका वाद्यावरून परंपरा सिद्ध होत नाही. दुसरे मत भारतीय वाद्यांकडे निर्देश करते. सतारीचे पडदे कमानदार असून दांडीपासून उचललेले असतात, तर सरस्वती वीणेचे पडदे मेणाच्या उंचवट्यावर बसवतात. परिणाम तोच असला तरी इथे लाकूड कोरलेले नसते, पडदा उंच केलेला असतो. थेट दुवा दाखवता येतो तो ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्याबाबत. त्यांनी वीणेचे शिक्षण घेतले होते, आणि 1970 च्या दशकात झाकिर हुसेन व एल. शंकर यांच्यासह ‘शक्ती’ या समूहात ते कोरलेल्या फ्रेटबोर्डाची, तरफेच्या तारा असलेली अकूस्टिक गिटार वाजवत. दक्षिण व्हिएतनामच्या काय लुओंग या गीतनाट्यातली कोरीव नेकची गिटार बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, म्हणजे रॉकच्या आधीची. तिथून ही पद्धत पश्चिमेकडे गेल्याचे दिसत नाही; निरनिराळ्या ठिकाणी ती स्वतंत्रपणे निघाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

वापरातल्या नेकबाबत खरा प्रश्न लाकूड कोरावे की फ्रेट बदलावेत, हा असतो. जुन्या धर्तीच्या फ्रेटची उंची साधारण 1 मिमी, तर जंबो (मोठ्या आकाराच्या) फ्रेटची सुमारे 1.4 मिमी असते. एवढ्या उंचीवर बोट लाकडाला जेमतेम टेकते, म्हणजे कोरण्याचा बराचसा लाभ कानस न लावताच पदरात पडतो. शिवाय फ्रेट पुन्हा बदलता येतात. गेलेले लाकूड परत येत नाही. झिजून अर्ध्या मिमीच्या आसपास आलेले फ्रेट तसेच ठेवून नेक कोरणे तर उलटाच क्रम होय. पुढे फ्रेट बदलताना फ्रेटबोर्ड समतल करावा लागला, तर घासायला फ्रेटखालचे अरुंद कंगोरेच उरतात.

फ्रेटबोर्डाची जाडी पाहणेही आवश्यक असते. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने साधारण 1959 पासून नेकवर शिसवीची जाड सपाट पट्टी बसवली. 1962 च्या मध्यापासून तिची जागा पातळ, वक्र पट्टीने घेतली. या पातळ पट्टीत खोल कोरीवकाम केल्यास खालचे मेपलचे लाकूड उघडे पडते. अखंड मेपलच्या नेकवर ही भीती नाही, पण लॅकर पुन्हा चढवावे लागते. फेंडरच्या जुन्या नेकमध्ये फ्रेट वरून न ठोकता बाजूने सरकवून बसवलेले असत. ते सरळ वर उपटल्यास खाचेच्या कडांचे लाकूड तुटते. म्हणून काढतानाही बाजूनेच सरकवतात.

स्क्रूने जोडलेल्या नेकला तिसरा मार्ग असतो: मूळ नेक काढून जपून ठेवावी आणि दुसरी कोरलेली नेक लावावी. फेंडरने 1988 च्या सुमारास काढलेल्या माल्मस्टीन मॉडेलची नेक कोरूनच येते. गिब्सन लेस पॉलसारख्या सरसाने चिकटवलेल्या नेकला ही सोय नाही. अंशतः कोरलेले नमुनेही आहेत. 1987 मध्ये आलेल्या आयबानेझ कंपनीच्या जेम या गिटारमध्ये 21 ते 24 हे चारच फ्रेट कोरलेले असतात.