गॅस एकच, गट दोन

निळं सॉल्ट म्हणजे कॉपर, हिरवं म्हणजे निकेल! बारावीच्या प्रॅक्टिकलला अनोळखी सॉल्ट (क्षार) ओळखताना अर्धा वर्ग असाच निकाल लावून मोकळा होतो. पण क्युप्रिक क्लोराइडचे स्फटिकही हिरवटच असतात, आणि झिंक, लेड, बेरियम यांचे बहुतेक क्षार पांढरे. ज्वालापरीक्षेचंही तेच. कॉपर ज्वाला हिरवी करतं, बेरियमही करतं. (होमात चिमूटभर पूड टाकून हिरवी ज्वाला ‘प्रकट’ करणाऱ्या बुवांकडे बहुधा यांच्यापैकीच काहीतरी असतं.)

म्हणून द्रावणातले धातूंचे आयन (विद्युतभारित कण) गटागटाने अवक्षेपित करून, म्हणजे न विरघळणारा साका बनवून खाली बसवून, वेगळे काढतात. जर्मन रसायनज्ञ फ्रेझेनियस यांनी १८४१ मध्ये ही पद्धत पुस्तकातून नीट मांडली. मुलं हे गट पाठ करतात, पण त्यातली खरी गंमत निसटते: सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड गॅस दोनदा सोडायचा, दुसऱ्या गटासाठी आम्ल घालून आणि चौथ्या गटासाठी अमोनिया घालून, आणि दोन्ही वेळा वेगळेच धातू खाली बसतात!

कारण असं. हायड्रोजन सल्फाइड हे दुबळं आम्ल. पाण्यात त्याचं विघटन होऊन हायड्रोजन आयन आणि फार थोडे सल्फाइड आयन मिळतात. द्रावणात आधीच हायड्रोक्लोरिक आम्ल असेल, तर हायड्रोजन आयनांच्या गर्दीने समतोल उलटा सरकतो. हाच समआयन परिणाम. आम्ल दुप्पट केलं की सल्फाइड निम्मे होत नाहीत, चौथाई होतात, कारण गणितात हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचा वर्ग येतो. उरलेल्या या मूठभर आयनांत कॉपर सल्फाइडचं भागतं; त्याचा विद्राव्यता गुणाकार (हा आकडा जितका लहान, तितक्या कमी आयनांत साका बसतो) १०⁻³⁶ च्या आसपास आहे. मँगनीज सल्फाइडचा मात्र १०⁻¹³ च्या घरात, त्यामुळे ते विरघळलेलंच राहतं. पुढे अमोनिया घातला की तो हायड्रोजन आयन गिळतो, सल्फाइड वाढतात, आणि मग झिंक, निकेल, कोबाल्ट, मँगनीजची पाळी येते.

मधल्या तिसऱ्या गटात अमोनियम क्लोराइड घालायचं तेही याच हिशेबाने. तिथे अमोनियातून येणारे हायड्रॉक्साइड आयन आवरायचे असतात, नाहीतर लोह-अ‍ॅल्युमिनियमबरोबर मॅग्नेशियमही खाली येतं.

सगळ्यात नाजूक मामला कॅडमियमचा. दुसऱ्या गटासाठी आम्ल साधारण ०.३ मोलर (लिटरमागे ०.३ मोल) लागतं. त्याहून बरंच कमी असेल तर झिंक सल्फाइड आगाऊपणे याच गटात उतरतं. जास्त असेल तर कॅडमियम हटून बसतं. गॅस कितीही सोडा, टेस्टट्यूब स्वच्छच. अशा वेळी थोडं डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा गॅस सोडून पाहावा. आम्ल पातळ होतं आणि हळदीसारखा पिवळा अवक्षेप दिसू लागतो.