चाळीतील गॅलरी

मुंबईच्या चाळींत एका मजल्यावरील खोल्यांपुढून जाणारी, एका बाजूने उघडी व कठडा असलेली सामाईक वाट. जिना, नळ व संडास यांकडे जाण्याचा तोच रस्ता असल्याने शेजाऱ्यांची गाठ ठरवून घ्यावी लागत नाही. एकटेपणा व वास्तुरचना यांच्या संबंधाचा विचार करताना म्हणूनच गॅलरीचा दाखला दिला जातो.

गॅलरीच्या उगमाविषयी एकमत नाही. काहींच्या मते ती वाड्याच्या चौकाभोवतीची ओसरी व सज्जा यांचे भाडोत्री, बहुमजली रूप होय. लाकडी खांब, तुळया व मधला चौक हे त्याचे पुरावे. दुसरे मत तिचे मूळ लष्करी बराकींच्या व्हरांड्यात शोधते : एकसारख्या खोल्यांची रांग, पुढे सलग पडवी, टोकाला संडास. गिरगावातील चौकाच्या चाळींपुरते पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. गिरणगावातील एकेरी रांगेच्या चाळींना ते लावणे अवघड आहे. शहरातील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन होऊन १८५६ मध्ये सुरू झाली. चाळींची मोठी वाढ त्यानंतरच्या दशकांतील असावी.

सर्वच चाळींना गॅलरी असते, हा समजही बरोबर नाही. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, बी.डी.डी.) वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बांधलेल्या २०७ बी.डी.डी. चाळी सिमेंट काँक्रीटच्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या होत्या; पुनर्विकासात त्यांपैकी काही पाडल्या गेल्या आहेत. प्रत्येकीत १६० चौ. फुटांच्या ८० खोल्या असून बोळ इमारतीच्या मधून जाई. त्यामुळे दारे समोरासमोर येत. उजेड मात्र बेताचाच. येथील सामाजिक जीवन जिन्यांवर आणि वरळीच्या जांबोरीसारख्या मैदानांवर अधिक बहरले.

१९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे ५२५ स्त्रिया होत्या. कुटुंब गावी ठेवून आलेला कामगार गाववाल्यांच्या खोलीत राही, खाणावळीत जेवे, उन्हाळ्यात गॅलरीत पथारी टाके. गोव्याहून आलेल्यांसाठी धोबीतलाव भागातील गावनिहाय ‘कूड’ (सामाईक निवास) राहण्याची सोय करीत. पुढे कुटुंबे आल्यावर गॅलरीत वाळवणे पडू लागली, मुलांचा अभ्यास होऊ लागला. दिवसा दार उघडे व त्यावर पडदा, ही सर्वसाधारण रीत. एकट्या म्हाताऱ्या माणसाचे दार सकाळी उघडले नाही, तर येता-जाता कुणीतरी कडी वाजवते. त्यासाठी वेगळी व्यवस्था लागत नाही.

या जवळिकीचे गुणगान बहुधा चाळ सोडून गेलेल्यांनीच केलेले आढळते. खोल्या अनेकदा जात व गाव पाहून दिल्या जात, दलितांची वस्ती वेगळी पडे. १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतच दलित व सवर्ण रहिवाशांत दंगल उसळली. स्त्रियांना खासगीपणा मिळत नसे. पुनर्विकासात रहिवाशांना घरातले संडास हवे असतात, ते यामुळेच. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात ५०० चौ. फुटांची घरे मिळतात. गॅलरीची जागा लिफ्टपुढील लॉबी घेते. लॉबीत थांबण्याचे कारण फारसे नसते.

गॅलरीविना शेजाऱ्यांची सहज गाठ घडवण्याचा प्रयत्न वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी आखलेल्या नवी मुंबईतील बेलापूरच्या वसाहतीत दिसतो. तेथे साधारण सात घरांमध्ये ८ × ८ मी.चे एक अंगण असून अशा तीन गटांना मिळून आणखी मोठी मोकळी जागा आहे. मूळ घरांपैकी अनेक रहिवाशांनी पाडून नव्याने बांधली.