हेडफोन ॲम्पला क्लास डी मानवतो का?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पॅम8403 या क्लास डी ॲम्प्लिफायर चिपचा बोर्ड मिळतो. नखाएवढी चिप, 5 व्होल्टचा सप्लाय, आणि दोन छोटे स्पीकर खणखणीत वाजतात. मग यालाच हेडफोन का जोडू नये, असं हाती सोल्डरिंग आयर्न असलेल्या कुणालाही वाटतं. मलाही वाटलं होतं.

क्लास डी या प्रकारच्या ॲम्पमध्ये आउटपुटचे ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतात, नाहीतर पूर्ण बंद. ही उघडझाप सेकंदाला लाखो वेळा होते आणि आवाजाच्या लहरीप्रमाणे चालू राहण्याचा काळ कमी-जास्त होतो. अर्धवट उघड्या ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज इथे वाचते. 100 वॉटच्या ॲम्पमध्ये हे फार मोलाचं, कारण उष्णता बाहेर टाकणारा भलामोठा हीटसिंकच टळतो. पण 32 ओहमच्या साध्या हेडफोनला 1 मिलिवॅटसुद्धा बहुतेकदा पुरतो, म्हणजे जेमतेम 0.18 व्होल्ट. तिथे वाचवून वाचवणार किती?

उलट अडचणी वाढतात. पहिली जॅकची. बोर्डावर स्पीकरसाठी चार टोकं असतात आणि चारही टोकांवर ॲम्पचं आउटपुट असतं. त्यात ग्राउंड एकही नाही. हेडफोनच्या तीन कड्यांच्या पिनेत मात्र दोन्ही कानांची एक तार सामाईक असते. दोन ‘मायनस’ टोकं त्या तारेला जोडली, की दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट झाले.

दुसरी अडचण फिल्टरची, आणि खरी मेख इथेच आहे. मोठ्या क्लास डी ॲम्पमध्ये ती उघडझाप गाळायला कॉइल आणि कपॅसिटर लावतात. समजा कॉइल 22 मायक्रोहेन्री आणि कपॅसिटर 0.68 मायक्रोफॅरड. 4 ओहमच्या स्पीकरवर ही जोडी शहाण्यासारखी वागते, कारण तिला शांत ठेवण्याचं काम स्पीकरच करतो. तिथे 32 ओहमचा हेडफोन लावला, की आवर घालणारं कुणी उरत नाही. 41 किलोहर्ट्झजवळ ती घंटेसारखी घुमते. त्याचा उतार ऐकू येणाऱ्या पट्ट्यातही पोचतो: 20 किलोहर्ट्झला आवाज दोनेक डेसिबलने चढतो. 300 ओहमच्या हेडफोनवर ती घुमणी आणखी टोकदार होते.

तिसरी, खरखर. स्पीकर ॲम्पच्या आउटपुटवर 100 मायक्रोव्होल्ट नॉइज असला तर खोलीत कुणाला कळणारही नाही. पण 1 मिलिवॅटला 110 डेसिबल देणारा 32 ओहमचा संवेदनशील इअरफोन तोच नॉइज थेट कानात सुमारे 45 डेसिबलने सोडतो. गाण्यातल्या दोन ओळींमधली शांतता अशीच हातची जाते, आणि ती गेलेली मला सहन होत नाही.

कारखान्यात बनणाऱ्या वायरलेस इअरबडची गोष्ट वेगळी. तिथे ड्रायव्हर, म्हणजे आतला इवलासा स्पीकर, कोणता ते आधीच ठरलेलं असतं, तारा काही मिलिमीटरच्या, जॅक नाहीच, आणि इवल्याशा बॅटरीत प्रत्येक मिलिवॅट मोजावा लागतो. तिथे क्लास डी शोभतो.

घरी बनवायचा असेल, तर मी आजही सीमॉय नावाचा साधा हेडफोन ॲम्पच बांधेन: एक दुहेरी ऑपॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप), 9 व्होल्टची बॅटरी, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि पत्र्याची गोळ्यांची डबी. फक्त 32 ओहमचा हेडफोन असेल, तर पुरेसा करंट देणारा ऑपॲम्प निवडा.