जठरातील जिवाणूसंसर्ग आणि उपजत प्रतिकारशक्ती

जंतूशी आधीची ओळख नसतानाही काही तासांत कामाला लागणाऱ्या शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात. जठरात तिची गाठ मुख्यतः एकाच जिवाणूशी पडते : हेलिकोबॅक्टर पायलोरी. बोलताना आपण ‘पोटात इन्फेक्शन झालं’ म्हणतो, ते बहुधा आतड्यातले असते. पावसाळ्यात पुण्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात ते त्यातलेच. जठराचा संसर्ग सहसा लहानपणी घरातल्या माणसांकडून होतो, औषध दिले नाही तर बहुधा जन्मभर टिकतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांमध्ये तो आढळतो.

पहिली तटबंदी आम्लाची. रिकाम्या जठरातील रसाचा सामू (पीएच) १ ते २ असतो आणि त्यात बहुतेक जिवाणू मरतात. हेलिकोबॅक्टर युरियेज या विकराने युरियाचे विघटन करून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचे आम्ल मारतो. त्यामुळे मिळालेल्या वेळात तो शेपटीसारख्या कशाभिकांच्या जोरावर जठराच्या अस्तरावरील श्लेष्माच्या (बुळबुळीत चिकट द्रवाच्या) थरात शिरतो. या थराच्या तळाशी, पेशींना लागून, सामू ७ च्या जवळ असतो. बहुतेक जिवाणू तिथेच पोहत राहतात, थोडेच पेशींना चिकटतात. श्लेष्मा सतत वाहून जातो आणि पृष्ठभागावरच्या पेशी काही दिवसांतच बदलतात, त्यामुळे या जिवाणूला सतत प्रवाहाविरुद्ध पोहावे लागते.

आता प्रश्न ओळख पटण्याचा. उपजत यंत्रणा जिवाणूचे काही ठरावीक भाग हेरते. टोल-सदृश ग्राही (जंतूंचे भाग ओळखणारी आपल्या पेशींची प्रथिने) यांपैकी क्रमांक ४ जिवाणूच्या बाह्यावरणातील लिपिड-ए हा मेदयुक्त रेणू ओळखतो, तर क्रमांक ५ कशाभिकेतील फ्लॅजेलिन प्रथिन ओळखतो. सालमोनेला या आतड्यातल्या जिवाणूचे फ्लॅजेलिन दिसताच क्रमांक ५ खडबडून जागा होतो. हेलिकोबॅक्टरच्या फ्लॅजेलिनमध्ये नेमकी त्याच जागची अमिनो आम्ले बदललेली असल्याने ते त्याच्या नजरेतून सुटते. हेलिकोबॅक्टरच्या लिपिड-एला ई. कोलायसारख्या ६ नव्हे तर ४ मेदाम्ल-साखळ्या असतात, फॉस्फेटही कमी असतात, त्यामुळे क्रमांक ४ सुद्धा फारसा हलत नाही. फ्लॅजेलिनची हीच चलाखी त्याचा नातलग कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी करतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत सापडलेला जिवाणू हाच. मात्र त्याचे बाह्यावरण लपत नाही, म्हणून तिथे ताप-जुलाब होतात.

तरीही हेलिकोबॅक्टर पकडला जातो, आणि तो स्वतःच्याच हत्यारामुळे. ‘कॅग’ जनुकसमूह असलेल्या जाती सुईसारख्या यंत्रणेने पेशीत कॅगए प्रथिन टोचतात. त्याच वाटेने जिवाणूच्या पेशीभित्तिकेचे तुकडे आणि एडीपी-हेप्टोज ही शर्कराही आत जाते. तुकडे पेशीतल्या नॉड-१ या हेर-प्रथिनाला सापडतात, शर्करा अल्फा-कायनेज-१ ला. दोन्ही वाटा एनएफ-कप्पा-बी हे जनुके चालू करणारे प्रथिन जागे करतात आणि पेशी इंटरल्युकिन-८ हा संदेशरेणू सोडते. न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींसाठी ही हाक असते. सोबत बीटा-डिफेन्सिन-२ सारखी जंतुघ्न पेप्टाइडेही स्रवतात.

न्यूट्रोफिल केशवाहिन्यांतून बाहेर पडून अधिस्तरात (अस्तराच्या पेशींच्या थरात) घुसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते ग्रंथींच्या मानेशी, दोन पेशींच्या फटीत अडकलेले दिसतात. केंद्रक ३-४ खंडांचे, गडद. वर श्लेष्मात, त्यांच्या आवाक्याबाहेर, वाकड्या जिवाणूंची रांग असते. मारा चुकण्याचे एक कारण हे अंतर. दुसरे अधिक घातक आहे. गिळलेला जिवाणू न्यूट्रोफिलची ऑक्सिडेज यंत्रणा (जंतू जाळणारी रसायने बनवणारी) भलतीकडे वळवतो. सुपरऑक्साइड हे दाहक रसायन भक्षण-पुटिकेत (गिळलेला जंतू ठेवलेल्या पिशवीत) न सुटता पेशीबाहेर सांडते आणि जठराचे अस्तर भाजते. जिवाणूजवळ कॅटालेज हे बचाव करणारे विकर असल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. महाभक्षी पेशी (जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी) जंतुघ्न नायट्रिक ऑक्साइड बनवू पाहतात, तर त्यासाठी लागणारे आर्जिनिन हे अमिनो आम्ल जिवाणूचे आर्जिनेज हे विकर आधीच संपवते. जठरशोथाची (जठराच्या दाहाची) बरीचशी हानी अशी आपल्याच पेशींनी केलेली असते.

महाभक्षी पेशींकडून सुटणारे इंटरल्युकिन-१-बीटा हे संदेशप्रथिन आम्लस्राव जोरदार दाबते. ते जनुकतःच जास्त बनवणाऱ्या काही व्यक्तींमध्ये आम्ल कमी होते, शोथ जठराच्या मुख्य भागात पसरतो आणि ग्रंथी झिजून कर्करोगाचा धोका वाढतो.

न्यूट्रोफिल आणि जिवाणू सोबत असतात हे पर्थचे विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांनी १९७९ पासून टिपले. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे जिवाणू वाढवायच्या तबकड्या जास्त दिवस उबवणीत राहिल्या आणि जिवाणू प्रथमच वाढला. वॉरन यांचे सहकारी डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः प्यायला. काही दिवसांत मळमळ-उलट्या सुरू झाल्या आणि दहाव्या दिवशीच्या बायॉप्सीत (अस्तराचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) न्यूट्रोफिलयुक्त जठरशोथ दिसला. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले.

निदानात सर्वाधिक घोळ आम्लरोधक गोळ्यांमुळे होतो. पुण्यात जळजळीचा दोष मिसळीवर किंवा उपाशीपोटीच्या चहावर ढकलून मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी आणण्याची सवय घरोघरी आहे. तिखटाने जळजळ वाढू शकते, जिवाणू मात्र त्यातून येत नाही. ही गोळी चालू असताना जिवाणूंची संख्या घटते, ते जठराच्या खालच्या टोकाकडून वर सरकतात आणि चाचणी खोटी ‘निगेटिव्ह’ येते. म्हणून श्वासचाचणी, शौचातील प्रतिजन किंवा एंडोस्कोपीतील युरियेज चाचणी यांआधी ही गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद हवे. बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचा. युरियेज चाचणीत जठराच्या अस्तराचा २-३ मिलिमीटरचा तुकडा युरिया आणि रंगदर्शक असलेल्या पिवळ्या जेलमध्ये दाबतात. जिवाणू भरपूर असतील तर काही मिनिटांतच तुकड्याभोवती गुलाबी कडे उमटते, थोडे असतील तर २४ तास थांबावे लागते. अल्सरमधून रक्तस्राव चालू असेल तर हीही चाचणी फसू शकते. सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी तुकडे जठराचे खालचे टोक आणि मुख्य भाग, दोन्हींकडून घेऊन फॉर्मॅलिनमध्ये पाठवावेत. एकाच जागचा तुकडा घेणे ही नेहमीची चूक.

उपचार साधारण १४ दिवसांचा असतो : आम्लरोधक आणि किमान दोन अँटिबायोटिक, बऱ्याचदा बिस्मथसह. बरे वाटताच पाचव्या दिवशी गोळ्या सोडल्या तर उरलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. भारतात मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिनला प्रतिकार आधीच बराच आहे. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी पुन्हा श्वास किंवा शौच चाचणी करतात. जिवाणू गेल्यावर न्यूट्रोफिल काही आठवड्यांत नाहीसे होतात, लसिका पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मात्र वर्षभर किंवा अधिक रेंगाळतात आणि रक्तातील प्रतिपिंडेही तशीच. त्यामुळे संसर्ग गेला की नाही हे ठरवायला रक्तातील आयजीजी या प्रतिपिंडांची तपासणी वापरत नाहीत.